आवाजातली पहिली दोन मिनिटं

सरकारी पत्र खालून वर वाचावं, असं आमच्या घरात शिकवलं जातं. वर विषय आणि संदर्भ असतात, मध्ये गोड भाषा असते. पत्र नेमकं कशासाठी निघालं, ते तळाशी ‘प्रत माहितीस्तव’ कोणाकोणाला गेली त्यावरून कळतं. सोलापुरात विडी आणि यंत्रमाग कामगारांची पत्रकं छापणाऱ्या माणसाची मी मुलगी. बाराखडी गिरवली तीही उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर. आता पत्रकं मीही लिहिते, खाली माझा फोन नंबर असतो. त्यामुळे नोव्हेंबरात रेवता मडावी नावाच्या अनोळखी बाईने फोनवर एका पत्राचा फोटो पाठवला, तेव्हा मी आधी तळ वाचला.

रेवता गोंदिया जिल्ह्यात, कोहमाऱ्यापासून आत, जंगलाला लागून असलेल्या एका गावात राहते. एका महाविद्यालयाच्या प्रकल्पासाठी तिने दोन वर्षं घरोघर हिंडून म्हाताऱ्या माणसांचं गोंडी बोलणं रेकॉर्ड केलं होतं. भाषा टिकावी आणि संगणकालाही ती समजावी, एवढाच हेतू. आता पत्रात लिहिलं होतं, की एआयवर निरनिराळी खाती आणि संस्था आपापलं संशोधन करत आहेत, त्याचा मेळ घालायला एक समन्वय गट नेमला आहे. तरी सर्वांनी आपलं साहित्य शुक्रवारच्या बैठकीत जमा करावं. भाषांची रेकॉर्डिंग, जंगलातल्या कॅमेऱ्यांचे फोटो, नकाशे, सगळंच. तळाच्या यादीत पाचव्या ओळीवर गुप्तवार्तेचं काम पाहणारं एक कार्यालय होतं.

मी फोन केला. पलीकडून रेवता शांतपणे म्हणाली, “तुमचं पत्रक मले नागपूरच्या शिबिरात भेटलं होतं. त्यात लिवलं हाय, आपली माहिती देऊ नका. पन मी तं करारावर सही करून बसली हाव. तुमाले येता येईन का?”

पत्रकाने माणसाला बोलावणं पाठवावं, असं माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. मी निघाले.

सोमवार : गोंदिया ते कोहमारा

गोंदियाला उतरलं की मराठी पाट्या वाचायच्या आणि हिंदी ऐकायची. पोहेवाल्याला मी मराठीत विचारलं, त्याने “दीदी, तर्री ज्यादा?” असं विचारून उत्तराची वाट न पाहता वाटीभर लाल रस्सा पोह्यांवर ओतला. आमच्याकडे पोहे कोरडे, वर शेव. इथले पोहे पोहतात. डोळ्यांतून पाणी आलं, पण प्लेट पुसून खाल्ली.

एसटी गोरेगावकडे निघाली आणि मी खिडकीला चिकटले. धानाची कापणी संपत आली होती. बांधीबांधीत कापलेल्या धानाच्या पेंढ्या पसरलेल्या, कुठे त्यांचे गोल पुंजणे रचलेले, लांबून झोपड्यांसारखे दिसणारे. आणि पाणी! गावागणिक तलाव, मधल्या शेतांत बोड्या, म्हणजे छोटी तळी. मी ज्या जिल्ह्यातून आले तिथे पाणी टँकरमधून येतं आणि त्याची वाट पाहण्यात बायांची निम्मी वर्षं जातात. इथे बगळे रस्त्याकडेच्या पाण्यात फुकट उभे होते. मला त्यांचा जरा रागच आला.

कोहमारा म्हणजे चौक आहे. ट्रक, ढाबे, टायर दुरुस्त करणारे, आणि चारी दिशांना जाणारी माणसं. रेवता स्कूटीला टेकून उभी होती. साडीवर स्वेटर, डोक्याला स्कार्फ, वय तिशीच्या पुढे थोडं. मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, “एवढीशी टुरी तुमी? पत्रक वाचून मले वाटलं, पन्नासेक वर्साची चिडकी बाई असन.”

“चिडकी आहेच,” मी म्हटलं.

“जेवल्यावर उतरन थे,” ती म्हणाली आणि स्कूटी सुरू केली.

तिच्या घरी तिची सासू आणि ती, दोघीच. जेवायला नव्या तांदळाचा भात, लाखोळीची डाळ, कोचईच्या, म्हणजे अळूच्या, पानांच्या वड्या. मी सवयीने भाकरी आहे का विचारलं. सासूबाईंनी माझ्याकडे काळजीने पाहिलं. “भाकर? तब्येत बरी नाई का हिची?” तिथे ज्वारीची भाकरी ही आजाऱ्याची गोष्ट असावी. मी तीनदा भात घेतला आणि निरोगी असल्याचं सिद्ध केलं.

मग रेवताने कपाटातून एक काळी डिस्क काढली. हाताच्या पंजात मावेल एवढी. चाळीसेक घरांचे आवाज तिच्यात होते.

“पयले दोन मिनिटं आयका,” ती म्हणाली.

लॅपटॉपमधून एका म्हाताऱ्या बाईचा आवाज आला. मला गोंडी येत नाही. रेवता सांगत गेली. बाई म्हणत होती, मी अमुक, माझा बाप तमुक, आम्ही इतक्या देवांचे (गोंडांची कुळं देवांच्या संख्येवरून ओळखतात), माझं माहेर या गावचं, सासर या गावचं, थोरली मुलगी अमक्या गावी दिली, धाकटी डोंगरापलीकडे, नातू गोंदियाला. आणि तू कोणाची, असं तिने रेवताला उलट विचारलं. रेवतानेही सगळं सांगितलं. मग कुठे बाईने धानाच्या जुन्या वाणांबद्दल बोलायला सुरुवात केली.

दुसरं रेकॉर्डिंग लावलं. तसंच. तिसरं, चौथं, तसंच.

“कॉलेजच्या फॉर्मवर नाव लिवाचं नव्हतं,” रेवता म्हणाली. “फक्त नंबर, वय, बाई का माणूस. मी नावं लिवली नाई. पन बुढ्या मानसापुढं बसून देव किती ते न सांगता, न इचारता बोलाले कसं लागाचं? देव जुळले तं थे आमचे भाऊबंद, मान द्या लागते. नाई जुळले तं सोयरे, त्यायची मस्करी कराची. थेच माईत नसलं तं तोंड कसं उघडाचं? मशीन चालू करून आमी दोघंबी आपलं सांगलं. दोन वर्सं मले ध्यानातच आलं नाई. पत्र आलं तवा आलं.”

ती जे बोलली ते मला सावकाश कळलं. कागदावर निनावी असलेली ती डिस्क म्हणजे त्या सगळ्या जंगलपट्ट्यातली सोयरीक होती. कोण कोणाचा, कोण कुठे दिली, राज्याच्या सीमेपलीकडे कोणाचं कोण राहतं. भाषा शिकणाऱ्याला त्याचा उपयोग नाही. माणसं शोधणाऱ्याला तेवढंच पुरे.

मी उभी राहिले. म्हणाले, डिस्क द्यायची नाही, शुक्रवारच्या आत पत्रक काढू, वर्तमानपत्रांना कळवू, बैठकीच्या दारात वाटू. मी बरंच बोलले. रेवता ऐकत होती आणि कोचईच्या उरलेल्या वड्या डब्यात भरत होती.

“देनार नाई म्हनाले थे माझं हाय का?” ती म्हणाली. “घेताना घरोघर इचारलं होतं. आता द्याचं का नाई, थेबी घरोघरच इचारा लागन. उद्या सकाळी निंगू.”

तिचा करार महिनाअखेर संपत होता. नवा करार त्याच बैठकीनंतर होणार होता. हे तिने मला दुसऱ्या दिवशी सांगितलं, तेही मी विचारलं म्हणून.

मंगळवार, बुधवार : घरोघर

धानाच्या बांधावरून चालणं ही एक विद्या आहे. बांध वीतभर रुंद, वर दव, दोन्ही बाजूंना चिखल. पहिल्या शंभर पावलांतच मी उजवीकडच्या चिखलात बसले. दूरच्या शेतातून कापणाऱ्या बायांचा हशा आला. “सरकारी मॅडम हाय वाटते,” एकीने ओरडून सांगितलं. मला सरकारी म्हणणं हा माझा आजवरचा सगळ्यात मोठा अपमान. पण हात देऊन बाहेर काढलं तेही तिनेच.

आम्ही भुरीआजीच्या अंगणात पोचलो तेव्हा माझी सलवार गुडघ्यापर्यंत काळी होती. (हे तिचं खरं नाव नाही. या लेखात खरी नावं नाहीत, गावाचंही नाव नाही.) आजी सुपाने धान पाखडत होती. पहिल्या रेकॉर्डिंगमधला आवाज तिचा. तिने मला पाटावर बसवलं, काळा चहा दिला आणि पहिला प्रश्न विचारला.

“किती देवाची?”

माझ्या घरात हा प्रश्न चळवळीचा आहे. मी ताठ बसून म्हटलं, “एकही नाही. मी देव मानत नाही.”

आजीने सूप खाली ठेवलं. रेवताने पदर तोंडाला लावला.

“बिनदेवाची?” आजी म्हणाली. “मंग तुह्यासंगं बोलू कसं मी? मान देऊ का शिव्या देऊ?”

“जे योग्य वाटेल ते.”

“नाई बा. असं उघडं सोडता येत नाई मानसाले.” तिने क्षणभर विचार केला. “रेवताची धाकली बहीन होय तू. म्हंजे माही सोयरी. म्हंजे शिव्या.” आणि तिने लगेच माझ्या चालण्यावरून, चिखलावरून आणि बारीक मनगटांवरून मला असं काही सुनावलं, की शेजारची घरं बाहेर आली. त्यानंतरचे दोन दिवस मला सगळा गाव शिव्या देत होता. एवढं आपलेपण मला कुठल्या अधिवेशनात मिळालेलं नाही.

रेवताने आजीला पत्र समजावून सांगितलं. आवाज कुठे जाणार, कोण ऐकणार, का ऐकणार. आजीने एकच गोष्ट विचारली : “पयलं बोलनं कापून देता येते का?”

“येते.”

“कापू नोको,” आजी म्हणाली. “बापाचं नाव कापलं तं बाकीचं कोन बोललं? रस्त्यावरचं बोलनं झालं थे. पन त्यायले देऊबी नोको.”

मला हवं होतं तेच उत्तर, पण माझ्या कारणासाठी नव्हे.

पुढच्या घरी ते उत्तर उलटं झालं. दिलीप नागझिऱ्याच्या गेटवर गाइड आहे. पर्यटकांना वाघ दाखवतो, न दिसल्यास वाघाची पावलं दाखवतो. त्याचा बाप गेल्या वर्षी वारला. डिस्कवर आवाज त्या बापाचा होता. दिलीपने आम्हाला पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगा उकडून दिल्या, मीठ लावून, आणि म्हणाला, “देऊन टाका. आपल्याले काय लपवाचं हाय?”

मी सुरू झाले. प्रश्न लपवण्याचा नसतो, हक्काचा असतो. आज आवाज घेतला, उद्या चेहरा घेतील. माणूस गुन्हेगार नसतानाही त्याची नोंद का, वगैरे. त्याने सगळं ऐकून घेतलं.

“मॅडम, बरोबर हाय तुमचं,” तो म्हणाला. “पन तुमी सोलापूरले जासान. नाई म्हटलं का शंका येते आनि शंका इथं राहते. माह्या लहानपनी जंगलातून येनारे तांदूळ मागून नेत, अन् दुसऱ्या दिवशी तांदूळ कोन देल्ला म्हून वर्दीवाले येत. दोघायलेबी नाव पाह्यजे. तवापासून मी शिकलो, इचारलं तं सांगून मोकळं व्हाचं.”

मी शेंगा सोलत बसले. पत्रकात या माणसासाठी जागा नसते, आणि गावात असतात ते बहुतेक हेच.

“बापाचं आयकू तं द्या एकदा,” तो रेवताला म्हणाला.

तिने लावलं. घोगरा, मिश्किल आवाज. दिलीपची आई इतका वेळ आत चुलीपाशी होती, ती दारात येऊन उभी राहिली. रेवता माझ्यासाठी हळू आवाजात सांगत होती : मी अमका, माझा बाप तमुक, बायको सीमेपलीकडच्या अमुक गावची. तिला चार भाऊ. चारही पक्के चोर. रात्री जंगलात काय काय लपवून ठेवतात ते मला विचारा. पोलिसांनी त्यांना केव्हाच धरायला पाहिजे होतं.

अंगण हसलं. दिलीप सगळ्यात मोठ्याने. मेव्हण्यांना चोर म्हणणं ही तिथे जावयाची रीतच आहे. न म्हटलं तर सासुरवाडीला वाटतं, हा माणूस रागावलाय.

“माहे भाऊ चोर?” आई दारातून म्हणाली. “मेला तरी याचं तोंड बंद नाई. पुन्ना लाव.”

रेवताने पुन्हा लावलं. दुसऱ्यांदा ऐकताना दिलीप हसला नाही. तो मशीनकडे पाहत होता. गावाचं नाव, चार भावांची नावं, जंगल, रात्र, लपवणं. सगळं त्याच्या बापाने स्वतःच्या तोंडाने, स्पष्ट, सावकाश सांगितलं होतं.

“मशीनले मस्करी समजते का?” त्याने मला विचारलं.

“नाही.”

“आनि आयकनाऱ्या सायबाले?”

मी शेंगांची टरफलं गोळा करू लागले.

“मी देतो म्हनलो होतो,” तो म्हणाला. “पन यात माह्या मामायचं नाव हाय. थे देनारा मी कोन?”

आई म्हणाली, “माहेर माहं हाय. मीबी नाई देऊ शकत. त्यायलेच इचारा लागन.”

“त्यायच्या बायकायचं माहेर?” रेवता म्हणाली.

“त्यायलेबी.”

आणि ते तिघं एकमेकांकडे पाहून हसायला लागले, कारण हे विचारणं कुठेच संपणार नव्हतं. प्रत्येकाच्या ओळखीत दुसऱ्याचं नाव होतं. मला ते हसू फार उशिरा कळलं. माझ्या पत्रकात लिहिलं होतं, ‘तुमची माहिती तुमची आहे.’ या घरात बसून पाहिलं तर ती कोणाही एकाची नव्हती, आणि म्हणूनच कोणी एकटा ती देऊ शकत नव्हता. हे मी सोलापुरात बसून शंभर वर्षांत लिहिलं नसतं.

गुरुवार : मोहाखाली

दुपारी मोहाच्या झाडाखाली गाव बसलं. बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला, आणि बोलणं सगळीकडून. मी भाषण तयार केलं होतं. कोणी मागितलं नाही. तासाभरात ठरलं : धानाचं, गाण्यांचं, जंगलाचं बोलणं न्यायचं असेल त्यांनी न्यावं. ओळख गावाबाहेर जाणार नाही. आणि हे रेवताने एकटीने सांगायचं नाही. भुरीआजी सोबत जाईल.

“रेवताचा करार?” दिलीपने विचारलं.

“थे माह्यावर सोडा,” रेवता म्हणाली.

सकाळीच एक गोष्ट घडली होती. ती सांगितल्याशिवाय हा प्रवास खरा होणार नाही. बुधवारी संध्याकाळी मी पत्रक लिहून काढलं होतं. चांगलं उतरलं होतं. मथळा भुरीआजीच्या वाक्याचा, खाली तिचं नाव, गाव, वय, देव, तिचं सूप आणि तिचं उत्तर. गुरुवारी उन्हात खाट टाकून रेवता ते वाचत बसली. वाचून झाल्यावर घडी घालून माझ्या हातात दिलं.

“मस्त लिवता तुमी,” ती म्हणाली. “पन यात आजीचं सारंच हाय. तिले इचारलं?”

“पण हे तुमच्या बाजूने आहे.”

“थेबी तसंच म्हंतात.”

मला राग आला. मग लाज वाटली. राग परत आला, तो स्वतःवरचा होता. मी ते पत्रक चुलीत घातलं. सासूबाईंनी त्यावर चहाचं आधण ठेवलं.

शुक्रवार : बैठक

बैठक गोंदियातल्या एका सरकारी सभागृहात होती. मला आत घेतलं नाही. ते बरोबरच होतं, माझं नाव कुठल्याच यादीत नव्हतं. मी व्हरांड्यात एका जीपच्या चालकाशेजारी बसले. खिडकी उघडी होती, कारण प्रोजेक्टर तापत होता आणि पंखे बंद होते. चालकाने मला बिस्किटं दिली आणि म्हणाला, “ये मीटिंग में हर बार मशीन ही बिगडती है.”

आतून तुकड्यातुकड्याने ऐकू येत होतं. खुर्चीत बसलेले अधिकारी बाहेरगावचे होते, आवाज सौम्य. त्यांनी सांगितलं, की आज कॅमेऱ्याचं संशोधन एकीकडे, भाषेचं दुसरीकडे, नकाशाचं तिसरीकडे, प्रत्येकजण तीच चाकं नव्याने घडवतो. एकत्र आलं तर काम नीट होईल. “आणि एक लक्षात घ्या,” ते म्हणाले, “यंत्राला इथली भाषा कळली, तर चुकीचा माणूस पकडला जाणार नाही. भाषा न कळल्याने झालेल्या चुका मी पाहिल्या आहेत.”

मला हे ऐकायचं नव्हतं. पण त्या माणसाला ते मनापासून वाटत होतं, आणि मी इथे ते लिहिणं भाग आहे.

मग रेवता उठली. खिडकीतून मला तिची पाठ दिसत होती. ती सावकाश, शाळेतल्यासारखं प्रमाण मराठी बोलली. “सर, फॉर्मवर नाव नाही. पण प्रत्येक आवाजात पहिली दोन मिनिटं नाव, गाव, नातं आहे. चूक माझी आहे. आमच्याकडे त्याशिवाय बोलत नाहीत. लोकांना नाव येणार नाही असं सांगून मी आवाज घेतले होते. म्हणून डिस्क आणली आहे, पण देऊ शकत नाही.”

खुर्च्या सरकल्या. कोणीतरी म्हणालं, करारावर सही आहे. कोणीतरी म्हणालं, नावं यंत्र आपोआप गाळेल. या गोंधळात भुरीआजीचा आवाज आला. तिला बोलायला कोणी सांगितलं नव्हतं.

“तुमी कोन, बापा?”

“आजी, मी या गटाचा अध्यक्ष.”

“थे खुर्चीचं झालं. तुमी कोनाचे? गाव कोनतं? माय कोन्या गावची?”

अधिकारी हसले, नाव सांगायला लागले, आणि मध्येच थांबले. कारण बाजूचा लघुलेखक लिहून घेत होता. “हे इतिवृत्तात घेऊ नका,” ते त्याला हळू म्हणाले. मग आजीला म्हणाले, “आजी, आमच्या कामात घरचं सांगायचं नसतं. घरच्यांना त्रास होऊ शकतो.”

“आमालेबी घर हाय, बापा,” आजी म्हणाली.

आवाज चढवला नव्हता. मस्करीचाही नव्हता. चालकाचं बिस्किट चहात बुडालेलं राहिलं आणि तुटून पडलं.

मग महाविद्यालयाचे निखिल सर बोलले. प्रकल्प त्यांचा, चाळिशीचा माणूस, घामाघूम. “चूक रेवताची नाही,” ते म्हणाले. “दोन वर्षांत मी यातलं एकही रेकॉर्डिंग पूर्ण ऐकलं नाही. मला गोंडी येत नाही. किती तास झाले तेवढं मोजत बसलो. नाव येणार नाही, हा शब्द त्या फॉर्मवर माझ्या सहीने दिलेला आहे. तो मोडला गेलाय. महाविद्यालयाच्या वतीने मी हे साहित्य मागे घेतो.”

“मागे घेतल्यावर तुमच्या प्रकल्पाचं काय होईल, माहीत आहे ना?” अधिकाऱ्यांनी विचारलं. धमकी नव्हती त्यात, खरंच विचारत होते.

“माहीत आहे.”

अधिकाऱ्यांनी लघुलेखकाला सांगितलं, “लिहा. भाषेचा विषय स्थगित. ओळखीचा भाग गावाकडे परत. बाकी भाग गावाच्या संमतीने, नंतर.” आणि जरा थांबून, “हे आजींना वाचून दाखवा. त्यांनी ठीक म्हटल्यावर सही होईल.”

आजीने ते दोनदा वाचायला लावलं.

बाकीचे विषय पुढे चालू राहिले. कॅमेऱ्यांचे फोटो जमा झाले, नकाशे जमा झाले. समन्वय गट आजही आहे. वाचकांनी असं समजू नये, की एका म्हातारीने सरकार थांबवलं. तिने चाळीस घरांची ओळख थांबवली.

बाहेर आल्यावर निखिल सर पायरीवर बसले होते. मी त्यांना धन्यवाद म्हटलं. एखाद्या सरकारी अनुदानावरच्या माणसाला मी मनापासून धन्यवाद म्हणण्याची ही पहिलीच वेळ. ते म्हणाले, “मला गोंडी शिकायला हवी होती. तिथून सगळं चुकलं.” आजीने त्यांना लगेच विचारलं, किती देवाचे. त्यांनाही सांगता आलं नाही. तिने त्यांना भाचा करून टाकलं.

परतल्यावर

प्रकल्प महिनाअखेर बंद झाला. रेवताचा करार नवा झाला नाही. मी फोनवर संतापले, तक्रार कोणाकडे करायची ते सांगू लागले. ती म्हणाली, सध्या वेळ नाही. ती प्रत्येक घरी जाऊन त्या घराची पहिली दोन मिनिटं त्यांच्या फोनमध्ये भरून देत होती, आणि डिस्कवरून त्यांच्यासमोर पुसत होती. दिलीपची आई ती रोज लावते. भावांनाही पाठवली आहे. चौघांनी उलट शिव्या रेकॉर्ड करून पाठवल्यात. आता त्या कोणाला द्यायच्या, असा प्रश्न आहे.

“आणि तुमचं काय?” मी विचारलं.

“धान चुरनं बाकी हाय. मळनी झाली का मंग पाहू.”

माझ्यापाशी तिला देण्यासारखं काही नाही. त्या पाच दिवसांत मला भात, कोचई, शेंगा, शिव्या आणि एक बहीण मिळाली. एका माणसाने माझ्यादेखत आपली चूक कबूल केली आणि दुसऱ्याने ती मानून निर्णय बदलला. मी लहानपणापासून वाचलेल्या पत्रकांत विरोधक असा वागत नाही. त्या सगळ्यांची मी ऋणी आहे, त्या अधिकाऱ्यांचीही, जरी त्यांचा गट बरखास्त व्हावा असं मी आजही म्हणते.

हा लेख छापायला देण्याआधी मी तो रेवताला पाठवला. तिने तो भुरीआजीच्या अंगणात सगळ्यांना वाचून दाखवला. वाचताना त्यांनी तिला तीन ठिकाणी थांबवलं. ती तीन ठिकाणं मी काढून टाकली आहेत. त्यातलं एक माझ्या मते या लेखातलं सगळ्यात चांगलं वाक्य होतं.